आग्नेस, एकदा तरी खोटं बोलायचं होतंस

आग्नेस, मरणाऱ्याने मरावं, त्याला कोण अडवणार? पण भांडण अर्धवट टाकून मरायचं, ही कसली रीत? रविवारी माझ्या ओट्यावर बसून तू मला म्हणालीस, "इनास, तू मूर्ख आहेस." मला त्यावर उत्तर सुचलं तेव्हा तू कोपऱ्यावरच्या क्रुसापर्यंत पोहोचली होतीस. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या रविवारी देऊ. उत्तर नीट घासून पुसून ठेवलं. आणि गुरुवारी सकाळी तुझ्या भावाचा पोरगा सायकलवरून आला नि म्हणाला, आत्या गेली. आता ते उत्तर मी काय केळीला घालू?

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेत फादरांनी तुझं शिक्षण सांगितलं, मुंबईच्या इस्पितळातली नोकरी सांगितली, सगळं ठीक. मग म्हणाले, "आग्नेसबाय मृदू स्वभावाच्या होत्या." मी इतक्या मोठ्याने खोकलो की वेदीवरच्या दोन मेणबत्त्या विझल्या. बरं, एक विझली. बरं, हलली. पण मृदू? तुला मृदू म्हणायचं तर सुक्या बोंबलाला लोणी म्हणावं लागेल.

आमच्या पोरीला, लुसीला, आणू नका असं काही नातलगांनी सुचवलं होतं. माझ्या बायकोने, फिलूने, ऐकून घेतलं आणि लुसीला निळा फ्रॉक घालून पुढच्या बाकावर आणून बसवलं. घंटा वाजली तशी लुसीने कानांवर हात दाबले आणि ओरडली. तुला माहीत आहे ती कशी ओरडते. पण आग्नेस, कुणी मान वळवली नाही. भरलेलं देऊळ, आणि एक मान वळली नाही. न बघणं एवढं एक या गावाला जमायला लागलंय, आणि ते शिकवता शिकवता तू गावातल्या निम्म्या लोकांशी बोलणं तोडलं होतंस.

लुसीच्या ओरडण्याबद्दल मी जे सांगतो त्यात फार तर चार आणे भर असते. ती आठेक वर्षांची होती तेव्हा होळीच्या बाजारात तिने किंकाळी फोडली की राजोडीच्या किनाऱ्यावर बाया सुकायला टाकलेली मासळी उचलायच्या, वादळ आलं म्हणून. तोंडातून शब्द एक नाही, पण आवाज असा. डब्याचं झाकण फिरवत बसली की दिवसभर बसेल. झाकण थांबवलंस की संपलं. स्वतःचा हात चावेल, नाही तर जो जवळ असेल त्याचा. आणि पळायची. वाडीतून, पानवेलीतून, सरळ विहिरीकडे. पाण्याशी तिचं काय नातं होतं देव जाणे.

माझ्या चुलत भावाच्या लग्नातली बँडची गोष्ट तर मी शंभर जणांना सांगितली असेल. लुसी बँडवर धावून गेली, ट्रंपेट हिसकावलं, विहिरीत फेकलं, आणि ट्रंपेटमागोमाग बँडमास्तर. तू दर वेळी मध्येच तोंड घालायचीस, "इनास, तिथे विहीर नव्हती."

नव्हती! पण असायला हवी होती. विहीर काढून टाकली तर काय उरतं? पोरीने स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावला, मग आईचा खांदा चावला, मांडवातले लोक खुर्च्या मागे सरकवून बघत राहिले, आणि आम्ही जेवण न करता मागच्या दाराने निघालो. ही कुठे सांगण्यासारखी गोष्ट आहे? त्यानंतर आम्हाला लग्नाची आमंत्रणं येईनाशी झाली. पत्रिका यायच्या, पण देणारा उंबऱ्यात उभा राहून म्हणायचा, "जमलं तर या." वसईत असं आमंत्रण दिलं की समजायचं, नका येऊ.

मग सल्ले सुरू झाले. दृष्ट काढा. आईने लाड केले. बापाने मारलं नाही. बापाने फार मारलं. अमक्या फादरांचा हात डोक्यावर ठेवून घ्या. माझा थोरला भाऊ आंतोन मुंबईला हापिसात, त्याने चौकशी करून मोठ्या भिंतीआडच्या वेड्यांच्या इस्पितळात जागा बघितली. सोमवारी साहेबाची गाडी घेऊन येतो म्हणाला. फिलू हो म्हणाली. तिने लुसीचे फ्रॉक पिशवीत भरले आणि चुलीपुढे बसून राहिली.

आणि शनिवारी तू उगवलीस. आपण शाळेत एका बाकावर बसलेलो. तू आता माणसांशी बोलायचा पगार घेतेस असं ऐकून होतो. बोलायचा पगार! त्या हिशेबाने सरकार माझं केवढं देणं लागत होतं. म्हटलं बघू तरी, काय बोलते. तर तू लुसीकडे बघितलंही नाहीस. फिलूपुढे पाट ओढून बसलीस.

"फिलू, झोपतेस का गो?"

"झोपते की," मी म्हणालो. "पडली की झोपते."

"तुझं नाव फिलोमिना आहे का?" तू मला विचारलंस.

असं बोलतं का कुणी दुसऱ्याच्या घरात? पण मी गप्प झालो, आणि फिलू बोलली. ती बोलते हे मी जवळजवळ विसरलो होतो.

"रात्री तिला बांधते मी," फिलू म्हणाली. "लुगड्याच्या पट्टीनं. तिचा हात माज्या हाताला. नायतर विहिरीवर जाते. ती हालली की मी जागी. कुस नाय बदलली मी, बाय. किती वर्सं झाली, याद नाय."

मी त्याच खोलीत झोपायचो, आग्नेस. ती पट्टी मला दिसायची. पण दिसायची म्हणजे जशी भिंत दिसते तशी.

मला वाटलं आता तू काहीतरी मोठं सांगणार, पुस्तकातलं. तू म्हणालीस, "गाडी नको म्हणून सांगा, असं मी म्हणत नाही. आज पट्टी माझ्या हाताला बांध. तू आतल्या खोलीत झोप. मग सोमवारचं ठरव."

फिलू झोपली. अशी झोपली की रविवारी मिस्सा होऊन लोक घरी आले तरी उठली नाही. शेजारची रेमेतमावशी मेणबत्ती नि पवित्र पाणी घेऊन आली, तिला वाटलं संपलं. दुपार उलटल्यावर उठली, ताटभर भात जेवली आणि मला म्हणाली, "आंतोनभावाला कळवा, गाडी नको." लुसी तर तशीच होती. उलट रात्रीतून तिने तुझ्या कोपराखाली असा चावा घेतला होता की तो डाग तुझ्याबरोबर पेटीत गेला.

मी आनंदाने नाचायचा बाकी होतो. म्हटलं बाई जादूगार आहे. विचारलं, "आता बरी कधी होणार?"

तू म्हणालीस, "होणार नाही."

फिलूच्या समोर! भात जेवून जेमतेम हात धुतला होता तिने. "शिकेल," तू म्हणालीस. "आपण सांभाळायला शिकू. ओरडणं कमी होईल. पण तुझ्या मनात आहे तशी बरी नाही होणार, इनास." फिलू उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी तुला अंगणात ओढून सांगितलं, अगं, एवढं खरं माणसाला एका दमात देतात का? गायीला औषधही गुळातून देतात. तू म्हणालीस, "फिलू गाय नाही." तेव्हा सुरू झालेलं हे भांडण. गेल्या रविवारपर्यंत चाललं.

मग तुझं डोकं आणखी चाललं. म्हणालीस, अशी घरं आणखी आहेत, एकमेकांना भेटायला हवं. चिंचोटीचे जानूभाऊ शोधून आणलेस, त्यांचा बबन अंगाने म्हैस आणि रागाला आला की घरातली भांडी अंगणात. राजोडीची मोनी आणलीस, नवरा मासेमारीला गेला की दोन मुलींत एकटी, आणि त्यातली धाकटी दिवसभर भिंतीवर डोकं आपटणारी. सगळे यायला तयार, पण लोक काय म्हणतील? वेड्यांच्या आईबापांची सभा? जानूभाऊ म्हणाले, "इनासशेट, आमच्या थोरल्याचं लग्न ठरायचंय हो अजून."

तेव्हा लदीन सुचली. ती कल्पना माझी होती, असं तू जिथे तिथे सांगायचीस. कल्पना माझी होती हे खरं. पण चूक तुझी होती. तू हो म्हणालीस.

मे महिन्यात आपल्या आळीच्या क्रुसापुढे सगळ्यांनी जमायचं, मरियेची लदीन गायची, उकडलेले चणे वाटायचे आणि घरी जायचं, हे आपल्याकडे कुणाला नवीन? म्हटलं, लदिनीला या, पाच मिनिटं गा, मग मागच्या अंगणात बसून तासभर बोला. विचारणार कोण? जानूभाऊ तर क्रुसापुढे असे हात जोडायचे की आम्हालाच लाज वाटावी. आणि फिलू खुलली, आग्नेस. महिनाभर ती त्या एका तासाची वाट बघायची. मोनी नि ती अंगणात डोक्याला डोकं लावून बसायच्या आणि चक्क हसायच्या. दोघी कशाला हसतात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, कुणाची पोर जास्त जोरात चावते ते बघतोय.

पण मे संपला नि आमची लदीन चालूच राहिली. जूनमध्ये, जुलैत, छत्र्या घेऊन. आपल्या गावात मे नंतर कुणी लदीन गातं का? गावाने विचार केला आणि गावाला उमगलं. ही नवसाची लदीन! आळीतला एक पोरगा मॅट्रिकला दोनदा आपटून त्या वर्षी कसाबसा सुटला, त्याची आई चुकून एकदा लदिनीला बसली होती. झालं! आगाशीची माणसं आली, निर्मळची आली. कुणाला नोकरी हवी, कुणाला सून. एक जण पंप बंद पडला म्हणून आला. मी सांगतो, क्रुसापासून बाजारापर्यंत रांग होती आणि शेवटच्या माणसाला दुर्बिणीतून क्रूस बघावा लागत होता. पेद्रू मास्तर हार्मोनियम घेऊन आले आणि पाच मिनिटांची लदीन तासाभराची झाली.

तू मला रोज टोचायचीस. "खरं सांगून टाक. बोर्ड लाव, मतिमंद मुलांच्या पालकांची सभा."

"बोर्ड लावला तर तू आणि क्रूस, दोघंच बसाल," मी म्हणायचो.

आणि एवढ्या गर्दीला चणे कोण शिजवणार? फिलू. जो तास तिच्या बोलण्याचा होता तो आता चुलीपुढे जायचा. मागच्या अंगणात लोकांच्या चपला. लुसी आतल्या खोलीत, हार्मोनियमच्या आवाजाने वेडीपिशी. मोनी एक-दोनदा आली, जागा नाही बघून गेली.

एका रविवारी "आमच्यासाठी विनंती कर" असा सगळ्यांचा एकसुरी आवाज चालला होता, आणि फिलू हातात डाव घेऊन घरातून बाहेर आली. क्रुसाच्या पायरीवर चढली. लोकांना वाटलं, चणे तयार.

"मला चणे नाय शिजवायचे," ती म्हणाली. पेद्रू मास्तरांची बोटं पट्ट्यांवर थांबली. "मला बोलायचंय. कोनाशी बोलू? तुमी सगळे नवस घेऊन आले. माजी पोर आत भिंतीला धडका देते. कदी कदी माज्या मनात येते, विहिरीचं झाकन काढून ठेवावं नि आपन झोपून जावं."

आग्नेस, मला वाटलं, संपलं. आता हिला वाळीत टाकणार, नाही तर आंतोनची गाडी येणार, आणि या खेपेला दोघींसाठी.

तू पायरीवर चढलीस, तिच्या हातातून डाव घेतलास आणि लोकांना म्हणालीस, "लदीन संपली. देवाने ऐकलं, मीही ऐकलं. चणे घ्या आणि घरी जा. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे, त्यांनी बसा."

लोक गेले. चणे घेऊन गेले, ते काही सोडलं नाही कुणी. मोनी बसली. जानूभाऊ नि त्यांची बायको बसली, थोरल्याचं लग्न खड्ड्यात गेलं म्हणून. एक निर्मळची बाई बसली, तिला आम्ही ओळखतही नव्हतो. आणि हार्मोनियम पेटीत भरून, पेटी बंद करून, पेद्रू मास्तर त्या पेटीवरच बसले.

"मास्तर, तुमचं काय?" मी विचारलं.

"माझी बहीण," ते म्हणाले. "मागच्या खोलीत आहे."

आमच्यापासून तीन घरं सोडून ते राहायचे. गावात कुणाची कोंबडी कुठे अंडं घालते हे मला ठाऊक. आणि एक जिवंत बाई भिंतीपलीकडे, मला पत्ता नाही! तू फिलूला कवटाळलं नाहीस, डोळे पुसले नाहीस. एवढंच विचारलंस, "विहिरीचं असं आणखी कुणाच्या मनात आलंय?" आणि मास्तरांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा. मग जानूभाऊंच्या बायकोने. मग मोनीने. मी इकडे तिकडे बघत राहिलो. माझा हात कुठे होता ते तुला दिसलं होतं, पण तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस. त्यासाठी म्हणून तुझ्या चार शिव्या माफ.

त्यानंतर लपवाछपवी नाही. एका घराची पोर दुसऱ्या घराने एक दुपार सांभाळायची आणि आईने त्या दुपारी काही करायचं नाही, हा तुझा कायदा. काही म्हणजे काही नाही. फिलूने एकदा त्या वेळात पापड लाटले तर तू तिला सगळ्यांसमोर झापलंस. लुसी मोनीकडे राजोडीला जायची. लाटांपुढे बसून ओरडायची, समुद्रही ओरडायचा. मोनी सांगते, शेवटी समुद्र दमून मागे गेला, त्यालाच आम्ही ओहोटी म्हणतो. हे मोनी नाही, मी म्हणतो. तू नाहीस आता टोकायला, म्हणून मीच टोकलं.

लुसी आता सतरा वर्षांची आहे. ओरडणं कमी झालंय, चावणं क्वचित. स्वतःच्या हाताने जेवते. बरी झाली? नाही. तू म्हणालीस तसंच. पण तेव्हा तू म्हणाली नसतीस, तर काय बिघडलं असतं?

हेच ते भांडण. गेल्या महिन्यात विरारकडचं जोडपं आलं होतं, लहान पोरगा घेऊन. बापाने विचारलं, "बाई, बरा होईल ना?" आणि तू, "नाही." ते परत आलेच नाहीत. गेल्या रविवारी मी तुला धारेवर धरलं.

"पळवलंस त्यांना. होईल म्हणायचं! चार महिने आले असते, ओळख झाली असती, मग हळूच सांगायचं."

"आणि चार महिन्यांनी ते तुझ्याकडे बघतील?"

"माझ्याकडे सगळे बघतात."

"इनास, तू मूर्ख आहेस," तू म्हणालीस. "तुझ्या बँडच्या गोष्टीतल्या विहिरीवर कुणी कळशी घेऊन जात नाही. हे लोक जातील." आणि छत्री उचलून निघालीस.

माझं उत्तर ऐक. खोट्याच्या आधारावरही माणूस एक रात्र झोपतो. एका रात्रीच्या झोपेची किंमत तूच माझ्या घरात येऊन दाखवलीस. मग ती विरारची आई कशी झोपत असेल, आग्नेस? कुशीवर, की पट्टी बांधून? बोल! आता बोलशील कशी? दर वेळी शेवटचा शब्द तुझाच, आणि या वेळी तर उलटून बोलायची सोयच ठेवली नाहीस.

काल रविवार. तुझ्या जागी सभा कुणी चालवायची हे ठरलं नव्हतं. मी घसा साफ करून तयार होतो, तुला ठाऊकच आहे. सगळे आले. आणि भुईगावची एक नवी बाई आली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी, कंबरेला दोरी बांधलेली, दोरीचं टोक आईच्या हातात. तिने मलाच विचारलं. बहुतेक मी सगळ्यात मोठ्याने बोलत होतो म्हणून.

"काका, पोर बरी होते का हो?"

तू नव्हतीस. मला थांबवणारं कुणी नव्हतं. असं सुंदर खोटं माझ्या तोंडात तयार होतं, साय धरलेलं. मी तोंड उघडलं, आणि मागून फिलू म्हणाली, "नाय."

बाईने पोरीला उचललं आणि ती चालू लागली. बघ! अगदी तसंच. मी फिलूवर ओरडलो, "तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय का, माणसं पळवायची?" फिलूने माझ्याकडे बघितलंही नाही. पायांत चपला सरकवल्या आणि त्या बाईमागे गेली. हाक नाही, काही नाही, नुसती मागून चालत राहिली. केळीच्या वाडीपलीकडे दोघी दिसेनाशा झाल्या. इकडे सभा माझ्या गळ्यात. मास्तरांनी बहिणीचं सांगितलं, जानूभाऊंनी बबनने कपाट कसं पाडलं ते सांगितलं, आणि मी ऐकलं. तुझी शपथ, मध्ये बोललो नाही. दोनदाच बोललो.

दिवेलागणीला फिलू परतली. एकटी.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय नाय. बांदावर बसलो. रडली. मी पन रडली. मंग तिच्या घरापरयंत गेली मी."

"परत येणार का ती?"

"नाय माहीत." फिलूने पाय धुतले. "मंगळवारी तिच्या पोरीला मी इकडे आनते. दुपारभर. तिला झोपू दे."

"अगं, लुसी आणि ती, दोघी? या घरात? कौलं उडतील! विहिरीचं काय? माझ्या पानवेलीचं काय?"

"तुमी मंगळवारी बाजारात नका जाऊ," ती म्हणाली. "विहिरीपाशी बसा."

हरलो, आग्नेस. तुझ्याशी निदान आवाज चढवून भांडता यायचं. हिच्याशी कसं भांडू? ही ऐकून घेते आणि कामाला लागते. उद्या मंगळवार. तू तिकडे सिमेतेरीत चिंचेच्या गार सावलीत आरामात पडलेली असशील, आणि मी भर उन्हात विहिरीच्या झाकणावर बसून दोन पोरी राखत असेन.